वाघाला गेट आहे, बेडकाला नाही

वाइल्डलाईफ फोटोग्राफीवरून कुठंही वाद सुरू झाला की तो पाच मिनिटांत वाघावर येऊन थांबतो. ताडोबात किती गाड्या सोडतात, कुणी जिप्सी आडवी घातली, आत मोबाईल कसा गेला. वाद व्हावा, त्यातून काहीतरी हाती लागतं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण तिच्या पाच बछड्यांसकट दोन्हीकडच्या गाड्यांच्या मधे कोंडली गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलाय. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर आणि गाईड लोकांचं निलंबन झालं, दंड झाले. पुढं नोव्हेंबर २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलातल्या, पर्यटन झोनमधे मोबाईल वापरायलाच मनाई केली. मला हे सगळं मनापासून पटतं, आणि जी माणसं हे विषय वर्षानुवर्षं लावून धरतात त्यांच्याबद्दल आदर आहे.

पण मला बोलायचंय ते वेगळ्या जागेबद्दल. वाघाच्या जंगलाला गेट असतं, गेटवर गाड्यांचा आकडा ठरलेला असतो, आत गाईड असतो, वनरक्षक असतो, आणि काही चुकलंच तर वरती कोर्ट असतं. पावसाळ्यात रात्री घाटातल्या ओढ्याकडेला झुडपात बसलेला साप, कातळावरच्या डबक्यातला बेडूक, रस्त्यासाठी कापलेल्या मातीच्या भिंतीत बीळ करून पिल्लं वाढवणारा खंड्या, यांच्या आणि आपल्या मधे यातलं काहीच नसतं. तिकीट नाही, वेळ नाही, अडवणारं कुणी नाही. कॅमेरा धरलेला हात काय करतो एवढ्यावरच सगळं अवलंबून. आणि गेल्या काही वर्षांत आपल्याकडं झपाट्यानं वाढलेली फोटोग्राफी नेमकी हीच आहे, पावसाळी मॅक्रो, म्हणजे छोट्या जिवांचे अगदी जवळून काढलेले फोटो, आणि घरटी. त्याचं कारण पण साधं आहे, वाघाच्या मागं जायचं तर सहाशे एमएमची लांब पल्ल्याची लेन्स, सफारीचं बुकिंग, विदर्भापर्यंतचा प्रवास असं सगळं लागतं, आणि बेडकासाठी एक मॅक्रो लेन्स, एक फ्लॅश, त्याचा उजेड मऊ करणारा डिफ्युझर आणि एक टॉर्च घेतला की पुण्या-मुंबईचा माणूस शुक्रवारी रात्री निघून सोमवारी ऑफिसात हजर.

आंबोलीचं सांगते कारण कोल्हापूरहून मला ती जवळची आणि तिथं मी सगळ्यात जास्त गेलीय. सावंतवाडी तालुका, सह्याद्रीच्या माथ्यावर, एका बाजूला कर्नाटक आणि खाली उतरलं की गोवा. पाऊस असा की जुलैमधे कपडे वाळत नाहीत, बॅगेतला सिलिका जेल दोन दिवसांत हात टेकतो. लोक पूर्वी इथं धबधब्याखाली भिजायला आणि भाजलेलं कणीस खायला यायचे, अजूनही येतात, पण रात्री नऊनंतर आता वेगळीच माणसं बाहेर पडतात, डोक्याला हेडलॅम्प, पायात गमबूट, खांद्याला कॅमेरा. मलबार पिट वायपर, मलबार ग्लायडिंग फ्रॉग, आंबोली टोड, चतुर, कोळी, रात्री चमकणारी बुरशी. हे बघायला माणसं येतात याचा मला आनंदच आहे. ज्या बेडकाकडं आपण बेडूक म्हणून ढुंकून पाहिलं नसतं त्याच्यासाठी कुणी चारशे किलोमीटर गाडी चालवत येतो ही साधी गोष्ट नाही.

आता त्या वायपरचं ऐका. मलबार पिट वायपर फक्त पश्चिम घाटातच सापडतो आणि रंगानं एकासारखा दुसरा नाही, हिरवा, तपकिरी, पिवळा, विटकरी, शेवाळ लागलेल्या सालीसारखा. हा पाठलाग करणारा साप नाही, वाट बघणारा आहे. एखादी फांदी धरतो आणि बसतो, कधी कधी कित्येक दिवस तिथंच. डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक खळगा असतो त्यानं त्याला समोरच्या प्राण्याच्या अंगाची ऊब कळते, त्यामुळं मिट्ट काळोखात उंदीर खालून गेला तरी त्याला तो दिसल्यासारखाच. आमच्या बरोबरच्या गाईड दादांनी एक दाखवला होता, ओढ्याच्या बारीक धारेवर झुकलेल्या झुडपात, जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर, पिवळट तपकिरी. तोंड खाली पाण्याकडं. खवल्यांवर थेंब जमून थांबलेले आणि मधूनच एखादा घरंगळून खाली. "ताई, काल पण थंयच होतो, परवा पण थंयच होतो," दादा म्हणाले. मी लांबूनच दोन-चार फोटो घेतले, मग टॉर्च बाजूला केला आणि आम्ही थोडं अलीकडं दगडावर बसलो. त्या झुडपाच्या खालच्या ओल्या दगडांवर छोटे बेडूक येऊन जात होते. सापानं जागा किती विचार करून धरलीय हे तिथं बसल्यावर समजत होतं. विचार हा शब्द चुकीचा असेल, पण मला दुसरा सुचत नाही.

मग एका वर्कशॉपची आठ-दहा जणांची बॅच आली. चांगली माणसं होती, आधी विचारलं की तुमचं झालं का. त्यांच्या लीडरनं साप बघितला, एक-दोघांनी कॅमेरा लावून बघितला, आणि त्यांना बॅकग्राउंड आवडलं नाही, मागं एक वाळकं पान आणि आडवी काडी येत होती. लीडरच्या बॅगेतून एक शेवाळ धरलेली फांदी निघाली. बॅगेतून. म्हणजे ती घरून किंवा होमस्टेवरून निघतानाच बरोबर घेतलेली होती. साप उचलायच्या लांब हुकवर साप घेऊन त्या फांदीवर ठेवला, फांदी एकानं धरली, बाकीचे अर्धगोल करून बसले आणि फ्लॅश सुरू झाले. साप खाली उतरायला बघायचा, परत हुकनं वर. मी म्हटलं, अहो, तो तीन दिवस त्या जागेवर बसलाय, त्याला उचलू नका. उत्तर आलं, "मॅडम, दोनच मिनिटं, परत तिथंच ठेवतोय ना." दोन मिनिटं झाली नाहीत, प्रत्येकाची पाळी येईपर्यंत बराच वेळ गेला, आणि नंतर त्यांनी तो खरंच त्याच झुडपात ठेवला. दुसऱ्या रात्री ते झुडूप रिकामं होतं.

ह्यात कुणी सापाला मारलं नाही, जखमी केलं नाही, आणि त्यामुळंच हे समजावून सांगणं अवघड जातं. पण वाट बघून खाणाऱ्या प्राण्याची जागा मोडणं म्हणजे त्याची ती सगळी बैठक वाया घालवणं. जागा सोडून तो निघाला की त्याला परत फिरावं लागतं, फिरताना तो रस्त्यावर येतो, आणि आंबोलीच्या रस्त्यावर रात्री चिरडलेले साप आणि बेडूक ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. शिवाय एकच बॅच नसते. शनिवारी तीन वेगवेगळे ग्रुप त्याच ओढ्यावर येतात आणि प्रत्येकाला आपण पहिलेच आहोत असं वाटत असतं.

बेडकांचं तर आणखी नाजूक. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, कातडीतूनच पाणी घेतो, म्हणजे त्याच्या अंगाला जे लागेल ते आत जातं. आणि आंबोलीत रात्री बाहेर पडणाऱ्याच्या हाताला काय काय लागलेलं असतं? जळवा चढू नयेत म्हणून कुणी तंबाखूचं पाणी चोळलेलं, कुणी मीठ, कुणी डेटॉल, वरून मच्छरांचं क्रीम. त्याच हातानं ग्लायडिंग फ्रॉग उचलून पानावर बसवायचा, तो उडी मारून गेला की परत धरून आणायचा, कारण त्याच्या पायांची पडदे असलेली लालसर बोटं फ्रेममधे नीट पसरलेली पाहिजेत. एका पावसाळ्यात मी हे इतक्या जणांना करताना बघितलंय की आता कुणाचा फोटो बघताना माझी नजर आधी बेडकाच्या पायांकडं जाते, पकड नैसर्गिक आहे की घाबरून आखडलेली आहे ते बघायला.

आणि फक्त तंबाखूच नाही. कायट्रिड नावाची एक बुरशी आहे, बेडकांच्या कातडीला होते, जगभरात तिनं बेडकांच्या कित्येक जाती संपवल्यात. उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांमधेही ती आढळल्याचं २०१३ मधे संशोधकांनी प्रसिद्ध केलंय. आपल्याकडं तिनं अजून तसा हाहाकार केलेला नाही, पण ओल्या बुटांना, ओल्या हातांना चिकटून ती एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते, आणि आपण काय करतो, शनिवारी आंबोली, रविवारी चोर्ला, पुढच्या आठवड्यात कोयना, तेच बूट, चिखलासकट.

आंबोली टोडबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तो मला सगळ्यात जवळचा आहे. हा शास्त्राच्या पुस्तकात आला तोच २००९ मधे. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा, अंगावर चामखिळी, आणि कुशीवर पिवळसर पट्टे, त्यावरून त्याचं शास्त्रीय नाव पण वाघावरून पडलंय, टायगेरिना. आंबोली आणि आसपासचा भाग सोडला तर तो जगात कुठं नाही. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो क्रिटिकली एन्डेंजर्ड आहे, म्हणजे नामशेष व्हायच्या अगदी अलीकडची पायरी, वाघापेक्षा जास्त धोक्यातली. याची सगळ्या वर्षाची वीण पहिल्या पावसाच्या थोड्या दिवसांत होते. वळीव झाला, जांभ्या कातळावरच्या खळग्यांत बोटभर पाणी साचलं की नर ओरडायला लागतात, माद्या येतात, आणि त्या बोटभर पाण्यात अंडी. डबकं आटायच्या आत अंड्यातून टॅडपोल आणि टॅडपोलमधून टोड असं सगळं उरकायचं असतं, मधे पावसानं ओढ दिली तर संपलंच. आणि नेमके तेच दिवस फोटोसाठी "पीक" म्हणून सांगितले जातात. मी मुद्दाम एका डबक्याजवळ आडवी होऊन पाहिलंय, ताटाएवढं डबकं, पाणी इतकं उथळ की तळाचा जांभा हाताला लागेल, आणि अंडी पाण्याखाली जेमतेम झाकलेली. रात्री टॉर्च समोरच्या नरावर धरलेला असताना आपला गुडघा असल्या एखाद्या डबक्यात टेकला तर आपल्याला कळणार पण नाही. त्या कातळावर दिवसा जाऊन आधी कुठं काय आहे ते बघून ठेवणं, रात्री कडेनं चालणं, आणि वाकून बसायच्या आधी खाली उजेड मारणं, एवढं केलं तरी खूप फरक पडतो. मी तिथं पाय टेकायला आदल्या दुपारी सुका कातळ हेरून ठेवते आणि तेवढ्यावरच थांबते. फोटोचा अँगल त्यावरून जो मिळेल तो.

ज्यांना वाटतं की मी उगाच वाढवून सांगतेय त्यांनी केरळचं प्रकरण वाचावं. मुन्नारच्या बाजूच्या शोलांमधे, म्हणजे उंच डोंगरातल्या दाट सदाहरित जंगलांमधे, एक बेडूक असतो, काळाभोर, अंगावर निळसर पांढरे ठिपके, रात्रीच्या आभाळासारखा, म्हणून त्याला गॅलेक्सी फ्रॉग म्हणतात. दोन-तीन सेंटिमीटरचा जीव, पडलेल्या कुजक्या ओंडक्यांखाली राहतो. एका संशोधकाला २०२० मधे ओंडक्यांखाली असे सात बेडूक मिळाले होते. कोविडनंतर तो परत गेला तर ओंडके उलटेपालटे पडलेले, झाडोरा तुडवलेला आणि बेडूक गायब. तिथल्या जंगलात वाट दाखवणाऱ्या ट्रॅकरनं त्याला सांगितलं की मधल्या काळात फोटोग्राफरांचे ग्रुप येऊन गेले, ओंडके उलथून बेडूक शोधले, हातानं उचलून शेवाळावर ठेवून फोटो काढले, तासन् तास हाताळले, आणि त्यात दोन बेडूक मेले. हे डिसेंबर २०२५ मधे जगभर छापून आलं. मला त्या बातमीत सगळ्यात जास्त लागलं ते ओंडक्यांचं. कुजका ओंडका उलथणं आपल्याला काहीच वाटत नाही, पण त्याखालची ओल, तिथलं तापमान, किडे, बुरशी हे सगळं जमायला वर्षं गेलेली असतात, आणि ओंडका परत तसाच ठेवला तरी ते परत तसंच बसत नाही.

मग येतो तिबोटी खंड्या. कोकणातल्या जून ते सप्टेंबरचा हिरो. चिमणीपेक्षाही लहान, निळा, केशरी, जांभळा असे सगळे रंग एकाच अंगावर, आणि पाऊस सुरू झाला की ओढ्याच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या मातीच्या भिंतीत आडवं बीळ खणून संसार मांडणारा. नर-मादी दोघं दिवसभर पिल्लांना भरवत असतात, कधी खेकड्याचं पिल्लू, कधी सापसुरळी, कधी बेडूक, कधी पाल. फोटोग्राफरला हवी असते ती हीच फ्रेम, चोचीत पाल आणि मागं काळोख. त्यासाठी बिळासमोर एक काडी रोवायची, आसपासचं गवत आणि फांद्या छाटायच्या, पुढं हाईड, म्हणजे लपून बसायचा आडोसा, बांधायचं आणि माणशी पैसे घेऊन आळीपाळीनं बसवायचं. "श्युअर शॉट" म्हणून जाहिरात करतात. गवत छाटलं की बीळ घोरपडीला आणि सापाला उघडं पडतं. आणि समोर माणसं फार जवळ असली तर खंड्या चोचीत भक्ष्य धरून लांबच्या फांदीवर नुसता बसून राहतो, आत जात नाही, डोकं वर-खाली करतो, उडतो, परत येतो. बघणाऱ्याला वाटतं काय सुंदर पोज देतोय. आत पिल्लं उपाशी असतात.

कायदा याबद्दल अगदी स्पष्ट आहे आणि तो फारच थोड्या जणांनी वाचलाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या दिलीय त्यात मारणं, पकडणं, सापळा लावणं तर आहेच, पण पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी डिस्टर्ब करणं पण त्यातच आहे. आमिष लावणं सुद्धा. म्हणजे बिळासमोरचं गवत छाटून तिथं वीस जण बसवणारा माणूस कायद्याच्या नजरेत कुठं उभा राहतो ते तुम्हीच बघा. फक्त त्या ओढ्यावर बघायला कुणी नसतं, वनरक्षक एकटा आणि त्याच्याकडं डोंगरच्या डोंगर.

मला माहितीय आता काय म्हणतील. फोटोंमुळंच लोकांना हे प्राणी कळले, फोटो नसते तर कुणाला पडली होती. हे खरंच आहे, आणि मी स्वतः फोटो काढते ते त्यासाठीच. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा इंग्रज वनाधिकारी १९२० च्या दशकात, जेव्हा साहेब लोक मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घ्यायचे तेव्हा, वाघाच्या वाटेवर तार लावून ठेवायचा, रात्री वाघ चालत आला की त्याच्याच पायानं कॅमेरा चालू व्हायचा. वाघ तिथून पुढं आपल्या वाटेनं जायचा. आज आपली वाघांची मोजणी त्याच कल्पनेवर उभी आहे. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो आले, त्यातले ७६,६५१ वाघांचे, आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखला गेला. डिसेंबर २०२३ मधे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असाच एका कॅमेऱ्यात नर वाघ आला, पट्टे जुळवले तर तोच वाघ एप्रिल २०२२ मधे आमच्या राधानगरीत टिपला गेलेला. राधानगरी ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्प ही वाट अजून चालू आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा दुसरा कुठला. आणि नयन खानोलकरांचा तो मुंबईचा बिबट्या आठवा, आरेतल्या वारली पाड्यातली बोळ, बाजूला घरं, वर पिवळा दिवा, आणि मधून बिबट्या निवांत चाललाय. २०१६ मधे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत तो शहरी विभागात पहिला आला. त्या एका फोटोनं बिबट्या घुसला, बिबट्या घुसला असं ओरडणाऱ्या लोकांना दाखवलं की तो घुसलेला नाही, तो तिथं राहतो. बिबट्याला कुणी तिथं आणलं नव्हतं, थांबवलं नव्हतं, वळवलं नव्हतं. फोटोग्राफरनं जागा हेरली, कॅमेरा लावला आणि महिनोन्महिने वाट बघितली.

ह्या सगळ्या फोटोंमधे प्राणी जे करत होता तेच करत राहिला, म्हणून त्यातून काहीतरी कळतं. शेवाळाच्या फांदीवर ठेवलेल्या वायपरच्या फोटोतून काय कळतं? तो कुठल्या झुडपात, किती उंचीवर, कशावर नजर ठेवून बसतो यातलं काहीच नाही. उलट खोटं कळतं. पुढच्या माणसाला वाटतं साप असाच शेवाळावर वेटोळं घालून बसतो, आणि मग तो पण शेवाळाची फांदी घेऊन निघतो. ते मागं आलेलं वाळकं पान आणि आडवी काडी हीच तर त्या फोटोतली खरी माहिती होती.

गाईड लोकांबद्दल मात्र मी कडक बोलणार नाही. त्यातले बरेचसे आंबोलीतलेच, कुणी हॉटेलात काम करायचा, कुणी दुसऱ्याची गाडी चालवायचा, त्यांनी स्वतःच्या हिमतीवर साप-बेडूक शिकून घेतलेत आणि त्यांची नजर अशी की आपण दहा वेळा टॉर्च मारलेल्या फांदीवर त्यांना साप दिसतो. अडचण गिऱ्हाइकाची आहे. गिऱ्हाईक म्हणतं एवढे पैसे भरलेत, एवढ्या लांबून आलोय, क्लीन शॉट पाहिजे, आणि नाही मिळाला तर वाईट रिव्ह्यू टाकतं. त्या रात्री आमचे दादा गप्प बसले कारण ती बॅच त्यांच्या शेजाऱ्याच्या होमस्टेवर उतरलेली होती. त्यांनी काय करावं? म्हणून मला वाटतं सुरुवात आपल्याकडून व्हायला हवी, पैसे देणाऱ्याकडून. बुकिंग करतानाच फोनवर सांगायचं की आम्हाला साप हलवून नको, बेडूक उचलून नको, दिसला तसा चालेल, नाही दिसला तरी पैसे पूर्ण देऊ. मी हे सांगायला लागल्यापासून दोन-तीन जणांनी फोनवरच सुटकेचा श्वास सोडलेला मी ऐकलाय. त्यांनाही ते आवडत नसतंच. एक जण तर म्हणाला, "ताई, हे बाकीच्यांनाही सांगा, आम्ही सांगितलं तर धंदा जातो."

लोकेशनचं पण सांगून टाकते, कारण त्यावरून माझ्यावर बरेच जण नाराज आहेत. मी घरट्याची, डबक्याची, सापाची जागा पोस्टमधे टाकत नाही, जिल्ह्याचं नाव टाकते. फोटोतली जीपीएसची नोंद पुसून टाकते. निरीक्षण नोंदवायच्या ज्या वेबसाईट आहेत तिथं मी सगळं नोंदवते, तिथं धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप धूसर करतात, संशोधकाला लागली तर तो मागून घेतो. त्यात मला काही लपवाछपवी वाटत नाही. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या उगमाजवळ मंदिराच्या कुंडात २०२० मधे माशाची एक नवीन जात सापडली, शिस्टुरा हिरण्यकेशी, लहानसा रंगीत मासा. असल्या माशावर मत्स्यटँकवाल्यांचा डोळा पडायला वेळ लागत नाही, आणि जागा तर जगजाहीर, नावातच आहे. तिथं लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सरकारनं २०२१ मधे ते कुंड आणि आसपासची जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, देवाच्या कुंडाला आधीपासून गावाची राखण होतीच. प्रत्येक डबक्याला असं देऊळ नसतं. म्हणून मी जिल्ह्याचंच नाव टाकणार.

सध्या एक गोष्ट चालू आहे ती सांगते. आमच्या इथल्या एका कॅमेरा क्लबनं "पावसाळा" विषयावर स्पर्धा ठेवलीय आणि मला परीक्षक म्हणून बोलावलंय. मी तीन अटी कळवल्या. प्राण्याच्या फोटोबरोबर त्याच प्राण्याचा, त्याच जागेवरचा एक वाइड फोटो हवा, आजूबाजूचं सगळं दिसेल असा. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाईल, हवी. आणि फोटो कसा काढला याच्या चार ओळी हव्यात, कुठल्या वेळी, किती अंतरावरून, बरोबर किती जण होते, प्राण्याला किंवा फांदीला हात लावला का. घरट्यांचे फोटो घ्यायचेच नाहीत हे वेगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन, "ताई, एवढं मागितलं तर एन्ट्र्या निम्म्यावर येतील, स्पॉन्सरला काय सांगू?" मी म्हटलं निम्म्यावर येऊ देत, पण अटी मान्य नसतील तर परीक्षक दुसरा बघा, माझा राग नाही. ते म्हणाले कमिटीपुढं ठेवतो. रविवारी मीटिंग आहे, मी पण जाणार आहे, आणि जाताना दोन प्रिंट घेऊन जाणार आहे, एक त्या पिवळट वायपरची झुडपातली, वाळक्या पानासकट, आणि एक शेवाळाच्या फांदीवरच्या दुसऱ्याच कुठल्या तरी वायपरची, नेटवरची. दोन्ही टेबलावर ठेवून विचारणार आहे की यातल्या कुठल्या सापाबद्दल तुम्ही मला काही सांगू शकता.